वैद्याच्या अक्षरात हाड नाही

आमचे हे मरायला टेकले होते ते खेकड्यांमुळे नव्हे, लू वैद्यांच्या अक्षरामुळे. गावातली माणसं अजून खेकड्यांनाच बोल लावतात, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

खेकडे खाल्ले होते, नाही कशाला म्हणू? शरदातले, अंड्यांनी भरलेले, आलं घातलेल्या सिरक्यात बुडवून. त्यावर फेई साहेबांच्या अंगणातली केशरी टेंबरंही खाल्ली. खेकड्यावर टेंबर खाऊ नये, हे आमच्या श्वांगल्यूत दुधाचे दात पडायच्या आत पोरांना कळतं. पण हे गेले होते फेई साहेबांकडे कुठलीशी जुनी गुंडाळी बघायला, आणि जुनं अक्षर समोर उलगडलं की आपण तोंडात काय टाकतोय याची ह्यांना शुद्ध नसते. एकदा कुंचला धुवायच्या भांड्यातलं पाणी चहा समजून प्यायले होते. वर म्हणाले, आज पानं जास्त पडली वाटतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोटात मुरडा, मग आव, मग रक्त. दुपारपर्यंत माणूस चादरीएवढा पांढरा झाला.

हे म्हणजे मिन गुरुजी. ह्यांचं काम काय, तर अक्षरं पारखणं. कुणी दुकानाची पाटी करून घेतो, कुणी आजोबांच्या थडग्यावरचा लेख, कुणी पोराचे परीक्षेच्या सरावाचे कागद. सगळे आमच्या ओट्यावर येतात, आणि हे सांगतात की यात हाड किती, मांस किती, शिरा ताणलेल्या आहेत की सैल, रक्त वाहतंय की साकळलंय. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, बापानं मला खाटकाच्या घरात दिली.

नुसत्या हाडामांसावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ह्यांच्या मते कुंचल्यातून शाई उतरत नाही, माणूस उतरतो. रेघेचं टोक आत वळवून दडवतो तो सज्जन. टोक बाहेर सोडतो तो आगाऊ. आडवी रेघ मध्येच बारीक झाली की गांधीलमाशीची कंबर, म्हणजे माणूस चंचल. उभ्या रेघेला गाठ आली की बगळ्याचा गुडघा, म्हणजे माणूस आडमुठा. आमच्या कोळसेवाल्यानं एकदा किती टोपल्या टाकल्या ते दारावर खडूनं लिहिलं, तर हे म्हणाले, "याच्याकडून कोळसा घेऊ नकोस. याचं अक्षर तेलकट आहे."

"कोळसा तेलकट निघाला तर बरंच की, पटकन पेटेल," मी म्हटलं. झालं! पुढे चार दिवस माझ्याशी अबोला.

आणि शब्द सगळे उलटे. 'गोड' म्हटलं की शिवी. 'पिकलेलं' हीसुद्धा शिवीच, फक्त जरा सभ्य. 'कच्चं' म्हणजे वा वा. आणि सगळ्यात वरचं, जे उच्चारताना ह्यांचे डोळे आपोआप मिटतात, ते म्हणजे 'अडाणी'. तुमचं अक्षर अडाणी आहे असं ह्यांनी म्हटलं की तो माणूस घरी जाऊन दारात फटाके लावतो. मी मात्र उठल्यापासून निजेपर्यंत "अगं अडाणी बाई!" ऐकत असते, पण ते अडाणी वेगळं, ते स्वयंपाकघरातलं.

तर मी पुलापलीकडून लू वैद्यांना बोलावून आणलं. अर्धं गाव या माणसानं मरणाच्या दारातून ओढून आणलंय. अंगानं इतके काडीपैलवान, की वारा सुटला तर पुलाचा कठडा धरून चालतात. त्यांनी ह्यांच्या मनगटावर बोटं टेकवली, जीभ पाहिली, पोट दाबलं, आणि तिथेच टेबलावर चिठ्ठी लिहिली.

"वहिनी, घाबरण्यासारखं नाही, पण उशीर नको," ते म्हणाले. "आजच आणा, उकळा, पाजा. औषध पोटात गेलं तर परवा पेज मागतील. असंच वाहत राहिलं तर मात्र मला बोलावू नका, सुताराला बोलवा, पेटीचं माप घ्यायला."

मी चिठ्ठी उचलणार, तोच पलंगावरून आवाज आला. "बघू."

"औषधाची आहे हो ती."

"अगं, बघू म्हणतो ना!"

दिली. त्यांनी हात लांब करून चिठ्ठी उजेडात धरली, मग जवळ आणली, मग मिटल्यासारखे डोळे केले. इतका वेळ पोट धरून कण्हणारा माणूस एकदम खणखणीत आवाजात म्हणाला, "शाईचं डुक्कर!"

लू वैद्य दारात औषधांची पेटी आवरत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. "कोण?"

"तुमचं अक्षर. नुसतं मांस. हाड म्हणाल तर औषधालाही नाही."

"गुरुजी, मी औषधच लिहिलंय."

"तुम्ही लठ्ठ आहात," हे म्हणाले.

वैद्यबुवांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. अंगरखा खुंटीला टांगावा तसा त्यांच्या खांद्यांवर लटकत होता. "मी?"

"आतून."

 "वहिनी, आजच," एवढं मला म्हणून ते कठडा धरत धरत निघून गेले.

ह्यांचं म्हणणं असं, की दुकानदार चिठ्ठी बघूनच वजन करतो. अक्षर सैल दिसलं की त्याचा हात सैल सुटतो. अक्षर मातलेलं दिसलं की मुळ्याही मातलेल्या घालतो. म्हणजे वैद्याचं मन अक्षरातून दुकानदारात, दुकानदारातून काढ्यात, आणि काढ्यातून थेट आपल्या रक्तात. "त्या डुकराला मी माझ्या रक्तात घेऊ?" हे म्हणाले, आणि पोटावर हात दाबत पाठ फिरवून निजले.

मी ऐकते होय? दुकानात गेले, औषध आणलं, काढा केला, वाडगा नेला. तोंड घट्ट मिटलं. नाक दाबून बघितलं, तर नाक दाबलेल्या अवस्थेत दातांतून म्हणाले, "चिठ्ठी बघितल्याशिवाय मी काहीही पिणार नाही." मग काढा पेजेत मिसळला. एक घोट घेतला आणि थुंकले. "पेजेत तो लठ्ठ माणूस आहे."

तिसऱ्या दिवशी होडी करून मी मोठ्या बाजारगावाला गेले. दोन नामांकित वैद्यांपुढे ह्यांचं दुखणं जसंच्या तसं सांगितलं आणि दोन चिठ्ठ्या घेऊन आले. पहिली ह्यांनी बोटाच्या चिमटीत धरली. "गोड. हा वैद्य रोग्याला लाडीगोडी लावतो. खरं बोलायची याची छाती नाही." दुसरी बघितली, आणि जो माणूस भांड्यावर बसायलासुद्धा माझ्या खांद्याचा आधार घेत होता, तो आपला आपण उठून बसला आणि त्या कागदाला वाकून नमस्कार केला.

"हाडंच हाडं," हे कुजबुजले. "लोखंडाची. कोण आहेत हे?"

"च्यू वैद्य."

"आण यांचं औषध. लगेच."

माझा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी घेऊन धावतच निघाले, तर घाटावर नावाडी हुक्का ओढत बसला होता. त्यानं कागद ओळखला. "च्यू वैद्यांचं अक्षर! वा! आमच्याकडे घरटी थडग्यावर त्यांचंच आहे. रोगी गेला की स्वतः येऊन लिहून देतात, मोठ्या मनाचा माणूस."

मी होते तिथूनच वळले आणि पुलापलीकडे गेले. लू वैद्यांनी ती चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "हे रेड्याला पाजलं तर रेडा जाईल." घरी येऊन मी ती चुलीत घातली आणि ह्यांना सांगितलं, वाऱ्यानं कालव्यात उडाली. हे भिंतीकडे तोंड करून रडले. स्वतःसाठी नव्हे, अक्षरासाठी.

त्या संध्याकाळी मी ह्यांचे पाय पुसून देत होते. पायात काही उरलं नव्हतं. घोट्यावरची कातडी बोटानं ओढली तर तशीच उभी राहायची. हे दिवसभर दुसऱ्यांच्या रेघांतलं हाडमांस मोजत होते आणि इथे स्वतःचं मांस कुठे चाललंय याचा पत्ता नव्हता. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की दोन्हींतलं कुठलं आधी बाहेर पडेल ते मलाच कळेना.

मग डोक्यात आलं, लू वैद्यांचीच चिठ्ठी कुणा चांगल्या हातानं उतरवून घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी थान मास्तरांकडे गेले. थान मास्तर म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "दुसऱ्याचं मन माझ्या अक्षरात घालायचं म्हणजे माझं मन खोटं झालं. मन खोटं झालं की रेघ वाकडी. मिनला पहिल्या रेघेत कळेल, आणि माझी आयुष्यभराची अब्रू जाईल."

"आणि त्यांचा जीव जाईल त्याचं काय?"

"तेही वाईटच," थान मास्तर म्हणाले आणि खरोखर हळहळले. हळहळायला त्यांना काही अडचण नव्हती.

तेव्हा घरी येऊन मीच शाईची कांडी घासायला बसले. माझे वडील टोफू विकायचे. पाटीवर 'आजचा संपला' एवढं लिहायला त्यांनी मला शिकवलं होतं, आणि तिथे माझी विद्याही संपली. स्वयंपाकघरात ओट्यावर लू वैद्यांची चिठ्ठी ठेवली, शेजारी कोरा कागद. एकेक रेघ बघायची आणि ओढायची, घर सारवल्यासारखी. औषधांच्या नावांपैकी रेवंदचिनी एवढी ऐसपैस झाली की ज्येष्ठमधाला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं. सुपारीवर शाईचा थेंब पडला. दालचिनीची एक रेघ कुठे न्यायची ते विसरले, ती तशीच सोडून दिली आणि मग आठवल्यावर परत येऊन जोडली. शेवटची ओळ, 'पाण्यात उकळून पिणे', ती तर चढण चढल्यासारखी वर गेली.

"डोंगरावरच्या मठात एक म्हातारे वैद्य आलेत, त्यांनी दिली," असं ह्यांना सांगितलं आणि चिठ्ठी हातात ठेवली. 

ह्यांनी ती उजेडात धरली.  ओठ हलले.

"अडाणी!" हे म्हणाले.

मेले, म्हटलं. ओळखलं.

तर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अगं, बघ, बघ. हा माणूस लिहायला बसलाच नाही. आपल्याला लिहिता येतं हे तो विसरून गेलाय. ही रेघ सोडून दिली आणि मग सहज परत आला! कोण करेल असं? आणि हे मोठं, आणि हे कोपऱ्यात लहान, डोंगराखाली झोपडी असावी तसं. कच्चं! इतकं कच्चं की पिकून, गळून, पुन्हा कच्चं झालंय."

विसरायला आधी यावं लागतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. "मग घेणार ना यांचं औषध?"

"घेणार म्हणजे? या हातानं विष लिहिलं असतं तरी घेतलं असतं."

मी नाचायचीच बाकी होते. काढा चुलीवर तयार होता, लू वैद्यांच्या चिठ्ठीचाच. वाडगा भरून आणला. ह्यांनी वाडग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उशीखाली हात घातला.

"चिठ्ठी तर इथे आहे," हे म्हणाले. "मग हे औषध कुठल्या चिठ्ठीचं?"

आजारी माणसाचं डोकं नको तिथे बरोबर चालतं. "बरं बाई, चुकलं," मी म्हटलं. "द्या ती चिठ्ठी, दुकानात नेते."

"दुकानात?" हे उशीवर आडवे पडले, दोन्ही हातांनी उशी धरून. "तो तिच्यावर शिक्का मारेल! वजनाखाली ठेवेल! वरच्या कोपऱ्याला भोक पाडून खिळ्याला अडकवेल! हिला मी रेशमावर चढवून घेणार आहे."

"आणि तुम्हाला तिरडीवर कोण चढवणार?"

"तू दुसरी आण ना मागून. देतील की ते."

आलिया भोगासी म्हणत पुन्हा ओट्याशी बसले. या वेळी समोर पहिली नव्हती, पण ती कशी झाली होती ते आठवत होतं. ह्यांना जे आवडलं होतं ते ते सगळं मी मनापासून केलं. रेवंदचिनी मोठी, ज्येष्ठमध कोपऱ्यात, सुपारीवर थेंबही पाडला. नेऊन दिली. ह्यांनी पहिली बाहेर काढली आणि दोन्ही छातीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही नक्कल आहे," हे म्हणाले.

"कसली नक्कल! त्याच हाताची आहे."

"हिनं पहिलीला पाहिलंय. पहिलीत हे आपोआप मोठं झालं, हिच्यात मुद्दाम मोठं केलंय. पहिलीत थेंब पडला, हिच्यात थेंब ठेवलाय. हे अडाणी नाही, अडाण्याचं सोंग आहे." श्वास लागला म्हणून हे थांबले. "तुला कुणीतरी गंडवलंय. ज्याचं मन असं वाकडं, त्याच्या हातचं औषध मी घ्यायचं? फेईंना बोलाव. थानला बोलाव. त्यांना दाखवू."

काय सांगू तुम्हाला, एकेक शब्द खरा होता. थेंब मी खरंच ठेवला होता. माणूस इतकं अचूक पाहतो आणि समोर बायको उभी आहे ते त्याला दिसत नाही, याला काय म्हणावं?

फेई साहेब आणि थान मास्तर दुपारी आले. फेई साहेब म्हणजे ज्यांच्या घरी ते खेकडे आणि टेंबरं झाली ते. एके काळी जकातीवर अधिकारी होते, आता अक्षरं जमवतात. दोघांनी जोडे काढले, पलंगाच्या दोन बाजूंना खुर्च्या ओढल्या, आणि ह्यांची तब्येत कशी आहे हे विचारायच्या ऐवजी हात धुतले, कागद हाताळायला.

"वहिनी, चहा होईल का?" फेई साहेब म्हणाले. "आणि खरबुजाच्या भाजलेल्या बिया होत्या मागच्या वेळी, त्या छान होत्या."

चहा दिला. बियाही दिल्या, जळ्ळ्या. फेई साहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या नाकाशी धरून पाहिल्या आणि म्हणाले, दुसरीच अस्सल, पहिली तिची नक्कल, कारण दुसरीत आत्मविश्वास आहे. थान मास्तर म्हणाले, छे, दोन्ही अस्सल. पहिली मठातल्या त्या साधूंनी सत्तरीत लिहिली असेल आणि दुसरी नव्वदीत.

"दोन्ही आजच लिहिल्यात," मी म्हटलं.

"मन आज सत्तरीचं, उद्या नव्वदीचं, असं असतं वहिनी," थान मास्तर म्हणाले. मग वर्ग कुठला द्यायचा यावर जुंपली. पहिलीला दैवी वर्ग द्यावा की वर्गापलीकडचा वर्ग? वर्गापलीकडचा दिला तर तो वर्गात मोजायचा का? हे दोघांच्या मध्ये निजून ऐकत होते, आणि एखादा शब्द पटला की पापणी हलवत होते. मान हलवायचं त्राण नव्हतं. चादर मी सकाळपासून दोनदा बदलली होती, पुन्हा भिजली होती. पलंगाच्या दोन्ही बाजूंना बियांची टरफलं पडत होती.

तेवढ्यात लू वैद्य आले, न बोलावता. मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"वैद्यबुवा, जरा इकडे सरकता का," फेई साहेब म्हणाले. "उजेड अडतोय."

लू वैद्य सरकले. मला दाराशी बोलावून हळूच म्हणाले, "वहिनी, नाडी दोऱ्यावर आलीय. आत्ता गेलं पोटात तर गेलं. दिवस मावळल्यावर माझ्याकडे काही उरणार नाही."

मग मात्र माझं डोकं फिरलं.

"मी लिहिलंय!" मी ओरडले. "दोन्ही! मी! तिकडे ओट्यावर बसून! तुमचा साधू मी आहे!"

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. फेई साहेब हसले, अगदी प्रेमानं. "वहिनी, जागरणानं थकला आहात. थोडं पडा."

"अहो, ती रेवंदचिनी माझ्या हातून मोठी झाली, जागा पुरेना म्हणून ज्येष्ठमध कोपऱ्यात कोंबलं! दालचिनीची रेघ मी विसरले होते! मठ नाही, डोंगर नाही, काही नाही. लू वैद्यांची चिठ्ठी आहे ती!"

"डुकराची?" ह्यांच्या तोंडून क्षीण आवाज आला. "अशक्य."

"वाचा मग! तिन्हींतलं औषध एकच आहे, वाचून बघा! त्यात काय लिहिलंय ते इथे बसलेल्यांपैकी एकानं तरी वाचलं का? एकानं?"

 मग थान मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "वाचायला लागलं की अक्षर दिसत नाही, वहिनी."

आणि हे, माझे हे, त्याही अवस्थेत पापणी हलवून म्हणाले की बरोबर आहे.

मी टेबलावरचा कुंचला उचलला. शाई वाळत आली होती, त्यात चहा ओतला. फेई साहेबांच्या हातातली दुसरी चिठ्ठी ओढून घेतली, उलटी केली आणि पलंगाच्या कडेवर ठेवून तिच्या पाठीवर लिहायला लागले. थान मास्तर "अहो, अहो, अस्सल असेल ती!" करत राहिले. चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत 'पिणे'चं जे अक्षर मी दोनदा उतरवलं होतं ते एकच लिहिलं, पानभर. आमच्या लिपीत त्या एका अक्षरात 'प्या'ही येतं आणि 'पी'ही येतं. मी कुठलं लिहिलं ते मला ठाऊक आहे. हात इतका कापत होता की सरळ रेघ एकही आली नाही, आणि डोळ्यांतलं पाणी पडून खालची बाजू फुटली. कागद ह्यांच्या नाकासमोर धरला.

दोन्ही बाजूंनी दोन डोकी पुढे आली.

"टोक उघडं पडलंय," फेई साहेब म्हणाले. "दडवलेलं नाही."

"शिरा ताणल्यात. फार ताणल्यात," थान मास्तर म्हणाले. "रक्त आहे. हाड आहे का, ते मात्र... मिन, तू सांग."

हे बघत होते. मी तो चेहरा ओळखते. आधी भुवया जवळ येतात, मग ओठ पुढे होतात, मग शब्द बाहेर पडतो. कच्चं, पिकलेलं, गोड, डुक्कर. मी वाट पाहत उभी राहिले. माझ्यात भांडायचंसुद्धा बळ उरलं नव्हतं.

भुवया जवळ आल्याच नाहीत. हे कागदावरून माझ्याकडे बघायला लागले, मग पुन्हा कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"पी," हे म्हणाले. शाळेतलं पोर पहिल्यांदा वाचतं तसं. 'प्या' नाही म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"किती कापतोय गं तुझा हात."

"घाबरलेय मी. मग कापणार नाही तर काय करेल?"

"केव्हापासून?"

"खेकड्यांपासून."

 फेई साहेबांनी घसा खाकरला. "गुरुजी, वर्ग कुठला म्हणायचा?"

"बाहेर जा," हे म्हणाले.

"वर्गापलीकडचा, असं म्हणतोयस का?" थान मास्तरांनी विचारलं.

"अरे, बाहेर जा दोघं!" तेवढा आवाज ह्यांच्या अंगात कुठे शिल्लक होता कोण जाणे. "माझी बायको माझ्याशी बोलतेय. तुम्ही काय ऐकत उभे राहता मध्ये?"

दोघं जोडे हातात घेऊनच बाहेर गेले. लू वैद्यांनी वाडगा उचलून माझ्या हातात दिला. काढा थंडगार झाला होता, गरम करून आणते म्हटलं तर ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलं, सोडेनात. तसाच ओठाला लावला. कडू होता, तोंड वेडंवाकडं झालं, अर्धा गळ्यावर सांडला, तरी थांबले नाहीत. मी ह्यांचं डोकं धरून बसले होते आणि वाडगा संपेपर्यंत हे त्याच्या काठावरून माझ्याकडेच बघत होते.